फायफोमधल्या ओळी एकमेकींत घुसत असतील तर आधी बफर बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला, कारण हेच मी दोन महिने भोगलंय. तुमच्याकडे तीन प्रोग्राम एकाच नेम्ड पाइपमध्ये, म्हणजे फायफोत (एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं अशी फाइलसारखी नळी), ओळी टाकतात, चौथा त्या वाचून डेटाबेसमध्ये भरतो, आणि दिवसातून दोन-चारदा एकाची अर्धी ओळ दुसऱ्याच्या ओळीत घुसलेली सापडते. हाताने चाचणी घेतली की सगळं सुरळीत. वरच्या उत्तरांत जो तो सांगतो की ओळ ४०९६ बाइटांच्या आत असेल तर ती तुटूच शकत नाही, आणि तुमची ओळ तर ९० बाइटांची.

पाइप बनवणं, परवानग्या वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते.

४०९६चा नियम खरा आहे, पण तो कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, जाणाऱ्या 'राइट' या सिस्टिम कॉलसाठी (थेट विनंतीसाठी) आहे. तुम्ही सीमधलं 'प्रिंटएफ' वापरताय, आणि त्याच्यामध्ये स्वतःचा बफर आहे, म्हणजे मजकूर पाठवण्याआधी साठवून ठेवायची जागा. समोर टर्मिनल असेल तर तो ओळ संपली की रिकामा होतो. समोर फायफो असेल तर पूर्ण भरेपर्यंत थांबतो, आणि तो सहसा ४०९६ बाइटांचाच असतो. आता हिशोब करा. ९० बाइटांच्या ४५ ओळी झाल्या की ४०५० बाइट भरले. उरलेल्या जागेत ४६व्या ओळीचे पहिले ४६ बाइट बसतात आणि तो गठ्ठा जातो. तो अखंडच जातो, कर्नल आपला शब्द पाळतो. पण त्या ओळीचे राहिलेले ४४ बाइट पुढच्या गठ्ठ्यात येतात, आणि मधल्या वेळात दुसऱ्या प्रोग्रामचा गठ्ठा आत शिरला की संपलं. हाताने 'एको' आज्ञेने ओळी टाकून बघता तेव्हा प्रत्येक ओळ वेगळ्या राइटने जाते, म्हणून चाचणीत हे कधीच दिसत नाही.

माझं सगळ्यात मोठं नुकसान मात्र बफरने केलं नाही, लॉकने केलं, म्हणजे एका वेळी एकाच प्रोग्रामला लिहू देणाऱ्या कुलपाने. ज्यांच्याकडून आम्ही ती प्रणाली घेतली होती त्यांच्या मदत कक्षाला मी तुटलेल्या ओळींचे नमुने पाठवले. एका ओळीत वेळ होती '१४:०२:१', आणि त्या एकला चिकटूनच दुसऱ्या प्रोग्रामची आख्खी ओळ. उत्तर आलं, 'लिहिण्याआधी फाइल लॉक घ्या, नंतर सोडा', आणि तक्रार बंद. मी निमूटपणे तिन्ही प्रोग्राममध्ये लॉक घातला. दोन दिवस एकही ओळ तुटली नाही, कारण त्या दोन दिवसांत कामच कमी होतं. मी निर्धास्त झाले आणि ओळ तपासणारा कोड काढून टाकला. हीच ती चूक. लॉक घेऊन प्रिंटएफ केलं, लॉक सोडला, आणि मजकूर अजून आपल्याच बफरमध्ये बसलेला! लॉक रिकाम्या खोलीला लावला होता. पुढचे तीन आठवडे चुकीच्या नोंदी गुपचूप साठत गेल्या आणि त्या मी एकेक करून हाताने निवडल्या. पुन्हा तक्रार केली तर म्हणाले, यंत्र रीस्टार्ट करा. नमुने उघडून बघायला पाच मिनिटं लागली असती. याचा राग मला आजही येतो.

खरं काय चाललंय ते 'एस-ट्रेस'ने, म्हणजे प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या साधनाने, दहा मिनिटांत कळलं. चालू प्रोग्रामला तो जोडा आणि फक्त राइट कॉल बघा. दर वेळी शेवटी ४०९६ दिसत असेल तर रोग हाच.

माझं मत विचाराल तर फायफोवर प्रिंटएफ वापरूच नका. ओळ आधी स्वतःच्या ॲरेमध्ये पूर्ण तयार करा आणि एकाच राइटने पाठवा. तेवढं बदलणं जमत नसेल तर प्रत्येक ओळीनंतर 'एफफ्लश' करून बफर रिकामा करा. कोड हातात नसेल तर 'स्टडबफ' या आज्ञेने ओळीगणिक बफर करता येतो, पण प्रोग्राम स्टॅटिक लिंक केलेला (लायब्ररी आतच बांधून घेतलेला) असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि ४०९६ हा आकडा लिनक्सचा आहे. पॉझिक्स हे युनिक्ससारख्या प्रणालींचं मानक फक्त ५१२ची हमी देतं, म्हणून प्रोग्राम दुसरीकडे न्यायचा असेल तर त्याच्या आत राहा. संदेश याहून मोठे असतील तर फायफोचा हट्ट सोडा आणि युनिक्स डोमेन सॉकेट (एकाच यंत्रावरच्या प्रोग्रामांनी आपसांत बोलायचा दुसरा मार्ग) घ्या.

वाचणाऱ्या बाजूचं एक राहिलं. एका 'रीड'मध्ये पूर्ण ओळच येईल असं नसतं. शेवटचा अर्धा तुकडा जपून ठेवून पुढच्या रीडला जोडावा लागतो. हे चुकलं तरी लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. आणि शेवटचा लिहिणारा बंद झाला की वाचणाऱ्याला फाइल संपल्याचा संकेत मिळतो. तो नको असेल तर वाचणाऱ्यानेच लिहिण्याचं एक टोक उघडून धरावं.

हे सगळं लिनक्स आणि सीच्या अनुभवावरून सांगतेय. विंडोजचा नेम्ड पाइप नावाने सारखा असला तरी तिथे दोन्ही दिशांनी बोलता येतं आणि संदेशांच्या सीमा पाळणारा मोडही आहे, त्यामुळे हे उत्तर तिथे जसंच्या तसं लावू नका.

तेव्हा आधी एस-ट्रेस लावून बघा. ४०९६ दिसलं नाही तर वाचणाऱ्या प्रोग्राममधला रीडचा भाग इथे टाका, मी नक्की बघते. आणि तोवर ओळ तपासणारा कोड काढू नका.