उद्यानातील रानभाजी खुडण्यापूर्वी

पुण्यात घराजवळच्या महापालिकेच्या उद्यानात पावसाळा लागला की टाकळा, घोळ आणि काटेमाठ उगवतो, तो खुडून खाल्ला तर चालेल का, असे आपण विचारले आहे. वनस्पती अचूक ओळखता येणे ही अट आहेच. परंतु शहरात जागेची पारख तितकीच महत्त्वाची असते आणि नवखी मंडळी नेमकी तिथेच घाई करतात.

माठाच्या जातीतील भाज्या जमिनीतील शिसे आणि कॅडमियम पानांत ओढून घेतात, आणि एकदा पानात मुरलेला हा अंश भाजी कितीही धुतली किंवा शिजवली तरी जात नाही. म्हणून वाहत्या रस्त्यालगतच्या कुंपणाची पट्टी, राडारोड्याची भर घातलेला कोपरा, नाल्याचा काठ आणि कुत्री फिरवली जातात ती पायवाटेची कड या जागा सरळ सोडून द्याव्यात. तणनाशकाचा धोका याहून फसवा आहे, कारण काही तणनाशके फवारल्यावरही तण कित्येक दिवस हिरवेगार दिसत राहते. कुठे, केव्हा आणि काय फवारले हे तिथल्या माळ्यालाच ठाऊक असते, तेव्हा आधी त्याच्याशी बोलावे. उद्यानात पानफूल तोडण्यास सहसा मनाईच असते. मात्र वाफ्यातून तो जे तण उपटून टाकणार असतो, त्यातील घोळ मागून घेतली तर तो बहुधा हसून देतो. मुंबईकरांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मात्र हा विचारही करू नये. तेथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे.

आता ओळखीविषयी. घोळीची पाने मांसल व गुळगुळीत आणि खोड तांबूस, रसरशीत असते. तिच्याच शेजारी जमिनीलगत पसरणाऱ्या दुधी या तणाच्या (दुधी भोपळ्याच्या नव्हे) जाती उगवतात व घाईत मुठीत येतात. प्रत्येक काडी मोडून पाहावी. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून द्यावी.

टाकळ्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. त्याच्या पानात पर्णिकांच्या, म्हणजे एकाच देठावरील छोट्या पानांच्या, बहुधा तीन जोड्या असतात आणि पर्णिकेचे टोक गोलसर असते. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याच्या पर्णिका टोकदार असून त्यांच्या जोड्या चार ते सहा भरतात. त्याच्या बिया विषारी आहेत, त्यामुळे त्याच्या वाटेला जाऊ नये. केवळ उग्र वासावर विसंबू नये, कारण तो दोघांनाही येतो. टाकळा फुलोऱ्यापूर्वीचा, कोवळाच घ्यावा, उकळून पाणी टाकून द्यावे आणि मग लसूण, मिरची व ओले खोबरे घालून परतावा. कडसरपणा थोडा राहतोच, आणि माझ्या मते तो राहावाच.

नाल्याकाठच्या रानअळूच्या फंदात नवख्याने पडू नये. खाज शमवायला आमसूल हाताशी असले तरीही. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी घोळ आणि आंबुशी खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, कारण दोहोंत ऑक्सॅलेट भरपूर असते.

ऑगस्टच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तेथे भाजी आणणाऱ्या बायकांकडून एकेक जुडी विकत घेऊन पान, देठ आणि कळी नीट न्याहाळावी, आणि आपल्या उद्यानातील रोपाशी ती ताडून पाहावी. जुळले तरी पहिल्यांदा घरातील एकाच मोठ्या माणसाने, एकच भाजी, दोन-चार घासच खावी.