शाळेतून वाचलेला वेळ

नागपूर,
जूनचा पहिला आठवडा

प्रिय पोरी,

परवा तू भर दुपारी आलीस. नवतपा सरला तरी रस्ता तसाच भाजत होता. कूलरसमोर बसून दोन ग्लास पन्हं प्यायलीस आणि पिशवीतून वही काढलीस. तीन मुली, वयं ९, १० आणि १२. तिघींच्या आईबाबांनी ठरवलंय की यंदापासून शाळा बंद, अभ्यास घरीच. जिम्नॅस्टिक्सची कोच तू आणि शिकवणारी बाईही तूच. वेळापत्रक रंगीत पेनांनी आखलेलं होतं. सकाळी ६ ते ९ प्रॅक्टिस, ११ ते १ अभ्यास, ४ ते ७ परत प्रॅक्टिस. आणि तू विचारलंस, "मॅडम, दोन तास पुरतील नं?"

मी उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल, मॅडमना उन्हाचा त्रास होऊन राहिला. ते कारण नव्हतं. तुझ्या वहीतलं वेळापत्रक मला पाठ होतं. वीसेक वर्षांपूर्वी मी अगदी तसंच एक आखलं होतं, फक्त माझ्याकडे रंगीत पेनं नव्हती.

तुझा प्रश्नच चुकला, बाळा. दोन तास पुरतात. मन लावून एकट्या मुलीला शिकवलं तर पाचवीचं गणित दोन तासांत चाळीस मुलांच्या वर्गापेक्षा पुढे जातं. शाळेतले पाच-सहा तास, रिक्षातला जाण्यायेण्याचा तास, सगळं मिळून तुझ्या हातात दिवसाला चार-पाच तास जास्तीचे येतात. ते कुणाचे, हे तू विचारायला हवं होतंस. तू न विचारताच ते जिमच्या नावावर लिहून टाकलेस.

शाळेतून वाचलेला वेळ मुलीचा असतो, जिमचा नसतो. या पत्रात मी हे पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

तू अमेरिकेच्या ऑलिंपिक विजेत्या जिम्नॅस्टचं, सिमोन बाइल्सचं नाव घेतलंस. सगळेच घेतात. तिने २०१२ मध्ये शाळा सोडून घरी शिकायला सुरुवात केली आणि आठवड्याची प्रॅक्टिस सुमारे २० तासांवरून ३२ तासांवर नेली, हे खरं आहे. पण तेव्हा ती १५ वर्षांची होती, हे कुणी सांगत नाही. आता तुझी वही उघड आणि बेरीज कर. दिवसाला सहा तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ३६. तुझ्या ९ वर्षांच्या मुलीला तू बाइल्सपेक्षा चार तास जास्त लावलेस! क्रीडावैद्यकात एक साधा ढोबळ नियम आहे: मुलाचं जितकं वय, आठवड्याला त्याहून जास्त तास एका खेळाचा ठरवून सराव नको. ९ वर्षांच्या मुलीला ९ तास. जिम्नॅस्टिक्समध्ये हा नियम कुणी काटेकोर पाळत नाही, मला माहीत आहे. पण ९ आणि ३६ मध्ये किती अंतर आहे ते तरी बघ.

आणि घाई कसली? सीनिअर गटात आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला मुलीला त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात. १९९७ पासून हा नियम आहे. तुझ्या धाकटीला अजून सात वर्षं आहेत.

आता माझी गोष्ट सांगते. तू माझ्याकडे यायच्या आधीची आहे, म्हणून तुला ठाऊक नाही.

एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, ती आता संसारात आहे. सहावी संपली तेव्हा तिच्या बीमवर मी इतकी खूश होते की रात्री झोप लागायची नाही. बीम म्हणजे १० सेंटिमीटर रुंदीची उंच पट्टी, तिच्यावर ती अंगणात चालावं तशी चालायची. तिच्या वडिलांचं इतवारीत छोटंसं दुकान होतं. मी स्वतः दुकानात जाऊन बसले आणि त्यांना पटवलं: शाळा सोडवा, दहावी बाहेरून देता येते, ही पोरगी रोज रोज येत नाही. त्यांनी मला चहा पाजला आणि हो म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवून हो म्हणाले.

अभ्यासाचे दोन तास ठरले होते, तुझ्यासारखेच. जुलैमध्ये ते दोन तास होते. ऑगस्टमध्ये स्पर्धा जवळ आली म्हणून एक तास झाला. स्पर्धा झाल्यावर पोरगी दुपारी बसल्या जागी झोपायची, म्हणून मीच म्हटलं, झोपू द्या, दिवाळीनंतर बघू. तिच्या गणिताच्या वहीत अकरा पानं लिहिलेली आहेत. अकराव्या पानावर अपूर्णांकांची बेरीज आहे, छेद सारखा करून अर्धवट सोडलेली. पुढे सगळी वही कोरी.

तेराव्या वर्षी तिचं मनगट दुखायला लागलं. मी पट्टी बांधली. बर्फ लावला. तिनेही फार सांगितलं नाही, कारण सांगणार कुणाला? दिवसभर तिच्यासमोर मी आणि मला विश्वासाने हो म्हणणारे तिचे आईबाबा. तीन महिन्यांनी एक्स-रे काढला तेव्हा मनगटातल्या रेडियस हाडाच्या टोकाशी जी वाढीची पट्टी असते ती खराब झालेली दिसली. ती पट्टी पक्क्या हाडापेक्षा मऊ असते, आणि आपल्या खेळात मुली हातांवर उभ्या राहतात, हातांवर पडतात, दिवसात शेकडो वेळा. वाढीच्या वयात तिला विश्रांती मिळाली नाही तर रेडियस आखूड राहतो आणि शेजारचं हाड पुढे येतं. डॉक्टरांनी सहा महिने हात टेकायला बंदी केली. ती परत आली नाही. तिच्याकडे शाळा नव्हती, मैत्रिणी नव्हत्या आणि आता बीमही नव्हता. दहावी सुटायला तिला एकोणीसावं वर्ष लागलं, तेही गणितात दोनदा अडकून.

मी वाईट कोच नव्हते. हे मला लिहायलाच हवं, कारण इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मी अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकले. १९१४ पासून चाललेली ती संस्था, तिथली शिस्त माझ्या हाडात आहे. आमच्या हॉलमध्ये मात्र फोम पिट, म्हणजे पडलं तरी लागू नये म्हणून फोमने भरलेला खड्डा, नव्हता, मॅट झिजलेल्या, वर टिनाचं छत, एप्रिलमध्ये बारवर हात ठेवला की चटका बसायचा. साधनं नसली की कोचकडे एकच गोष्ट उरते, पुनरावृत्ती. मी तीच वापरली. वाढीच्या पट्टीबद्दल मला कुणी शिकवलं नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण वहीतली कोरी पानं मला रोज दिसत होती, आणि ती दिसायला डॉक्टर लागत नव्हता. तेवढ्यापुरतं माझ्याकडे काही उत्तर नाही.

त्यानंतर मी एक नियम केला आणि सोडला नाही: अभ्यासाची वही दाखवल्याशिवाय वॉर्मअप नाही. तूही दाखवलीस नं रोज? राग यायचा तुला, मला कळायचं. त्या नियमापायी तीन मुली दुसरीकडे गेल्या. एकीने तिथे राष्ट्रीय पदक घेतलं, आणि तिचे वडील मला मुद्दाम येऊन सांगून गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नियम बदलला नाही.

तू म्हणशील, मॅडम, वर जायचं तर त्याग लागतोच. दीपा कर्माकर बघ. रिओमध्ये २०१६ ला व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीच्या, अंतिम फेरीत १५.०६६ गुण, चौथी जागा, कांस्य ०.१५० ने हुकलं. त्रिपुरासारख्या ठिकाणाहून, प्रोदुनोव्हासारखी धोक्याची उडी मारून. आणि ऑलिंपिकहून आगरतळ्याला परतल्या परतल्या ती एम.ए.च्या राज्यशास्त्राच्या परीक्षेला बसली. सारा देश तिच्या मागे होता, कुणी म्हटलं असतं, राहू दे यंदा. तिने राहू दिलं नाही. आपल्या देशात या खेळात तिच्याइतकं उंच कोण गेलं ते सांग, मग त्यागाचं बोलू.

पुढचं नीट ऐक, ही कामाची गोष्ट आहे.

तिघींचे टीसी काढू नकोस. निदान दिवाळीपर्यंत नको. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. म्हणजे तुझ्याकडे अजून दोन-तीन आठवडे आहेत. त्या दिवसांत प्रत्येकीच्या मुख्याध्यापकांना भेट. अर्ध्या दिवसाची सवलत माग, स्पर्धेच्या काळातल्या रजेचं लेखी घे. एक शाळा नाही म्हणाली तर दुसरी बघ, खेळाला मान देणाऱ्या शाळा या गावात आहेत. शालेय क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिका शाळेतूनच जातात. १२ वर्षांच्या मुलीचं नाव पटावरून निघालं की १४ वर्षांखालच्या गटाचं काय करायचं, हा विचार तुझ्या वहीत कुठेच दिसला नाही मला. मग काय करशील, मानकापूरच्या क्रीडा संकुलात बाहेर उभी राहून टाळ्या वाजवशील?

तरीही पालक हटून बसले, तर घरी शिकवा, मी त्याच्या विरोधात नाही. काही मुलींना ते खरंच मानवतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुसारच्या वर्गात परत प्रवेश मागता येतो, तेव्हा दार बंद होत नाही, हे आईबाबांना सांग. त्यांची भीती कमी होईल. मोठीसाठी पुढे एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळा आहे, किंवा राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायचा १७ नंबरचा फॉर्म. एनआयओएसला दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण हवीत, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि पाच वर्षांत नऊ संधी. म्हणजे पाच विषय एकदम द्यायची गरजच नाही. स्पर्धा नसलेल्या हंगामात दोन, पुढच्या वेळी तीन. पण नऊ संधी आहेत म्हणून पहिल्या आठ वाया घालवू नकोस. मी तेच केलं होतं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, छापील हवी तर सीताबर्डीवर जा. पुस्तकांचा प्रश्न कधीच नसतो, ती उघडली जातात का एवढाच असतो.

अभ्यास प्रॅक्टिसच्या आधी ठेव. उन्हाळ्यात सकाळचा गारवा हॉलला द्यावा लागतो, मान्य आहे, टिनाखाली दहानंतर उभं राहवत नाही. पण पाऊस लागला की ती सबब संपते. जुलैपासून सकाळी ७ ते ९ पुस्तक, मग खाणं, मग हॉल. तीन तास बार आणि बीम करून आलेल्या मुलीला तू अपूर्णांक शिकवणार, म्हणजे सगळे जेवून गेल्यावर जे पातेल्याला लागलेलं असतं ते तिला वाढणार. संध्याकाळची प्रॅक्टिस रोज नको, आठवड्यातून दोनदा, आणि धाकटीला तीही नको.

आणि तू शिकवू नकोस. हे तुला लागेल, तरी लिहिते. मराठी आणि गणिताला दुसरी बाई शोध, कुणीही, निवृत्त शिक्षिका धंतोलीत, महालात हव्या तितक्या मिळतील. तूच कोच आणि तूच बाई झालीस तर मुलीने तुझी तक्रार कुणाकडे करायची? अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला मुलींच्या लैंगिक शोषणासाठी २०१८ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्याआधी कितीतरी वर्षं त्या मुली बोलत होत्या, आणि ज्यांच्याशी बोलत होत्या त्यातले कितीतरी त्याच खेळातले होते. तू तशी नाहीस, मीही नव्हते. पण माझ्या मुलीनेही मनगटाचं कुणाला सांगितलं नाही. बीम किती रुंद असतो हेही जिला माहीत नाही अशी एक तरी मोठी बाई रोज त्यांच्यासमोर बसली पाहिजे.

आता उरलेले दोन-तीन तास. तू विचारशील, त्यात काय भरायचं. काही भरू नकोस! फुटाळा तलावावर जाऊ दे, पतंग उडवू दे, आजीशी भांडू दे, कॉस्च्युम न घालणाऱ्या मुलींशी खेळू दे. पडून छताकडे बघत राहिली तरी राहू दे. तुला भीती वाटेल की दुसऱ्या हॉलमधली मुलगी त्या वेळात दहा फ्लिक, म्हणजे हातांवरून मागे घ्यायच्या उड्या, जास्त मारून राहिली. मारू दे तिला. शाळेतून वाचलेला वेळ तुझ्या मुलीचा आहे.

तुझ्या डोळ्यांत परवा जे दिसलं ते मला ओळखीचं आहे. तीन चांगल्या मुली एकदम हाताशी आल्या आहेत, पालक हो म्हणून बसलेत, आणि आपण नाही म्हटलं तर त्या दुसऱ्याकडे जातील. जातील कदाचित. मी तुला खोटा दिलासा देणार नाही.

रविवारी ये. सकाळी ९ च्या आत ये, भर उन्हात नको. वेळापत्रक नवीन करून आण, या वेळी पेन्सिलीने. माझ्याकडे ती अकरा पानांची वही आहे. तिच्या आईने घर बदलताना मला दिली होती, का दिली ते बोलली नाही, मीही विचारलं नाही. तू पालकांना भेटायला जाशील तेव्हा सोबत ने. तिघींच्या आयांना एकेक पान उलटून बघू दे.

अनेक आशीर्वाद.

तुझी
मॅडम