भाग कुठं जातो?

परभणीकडच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय. मुक्तिसंग्राम दिनाच्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर 17-09-1948 ही तारीख लिहिली, मधल्या रेघा पुसून 17091948 केली आणि विचारलं, ‘हिला 12 ने निःशेष भाग जातो का?’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, जातो म्हंजी कुठं जातो?’ वर्ग हसला. बाई, पोरानं नेमक्या जागी बोट ठेवलंय.

माझ्या मते हे ‘जाणं’ गावाला जाण्यातलं नाही, मावण्यातलं आहे. पोत्यात साठ किलो सोयाबीन जातं, बरणीत दोन किलो लोणचं जातं, तसे सतरात बारा एकदा जातात. भागाकार मांडताना आपण तोंडानं हेच तर पुटपुटतो. सगळा माल पोत्यांत बसला, खाली दाणाही उरला नाही, की भाग निःशेष गेला. शेष म्हणजे उरलेलं. बोलताना आपण ‘बाकी’ म्हणतो. हा शब्द अरबी, फारसीमार्गे आलेला, आणि मोंढ्यात आडत्याकडं आपली राहते तीच ही बाकी. (‘निःशेष’मध्ये विसर्ग आहे. टाइप करताना लोक तिथं अपूर्णविराम ठोकतात, ते डोळ्यांना खुपतं.)

आता तुमची संख्या. 1,70,91,948 च्या अंकांची बेरीज 39, म्हणून 3 ने भाग जातो. शेवटचे दोन अंक 48, म्हणून 4 नेही जातो. 3 आणि 4 सहमूळ, म्हणजे 1 सोडून दोघांचा सामाईक विभाजक नाही, त्यामुळं 12 नेही जातो; भागाकार 14,24,329. इथं पोरांना जरा अडवा: 2 नेही जातो आणि 6 नेही जातो, एवढ्यावरून 12 ने जाईल असं म्हणता येईल का? 18 घेऊन बघू द्या. 9 ने मात्र भाग जात नाही. 39 ला 9 ने भागलं तर बाकी 3 उरते, आणि अख्ख्या आठ अंकी संख्येला भागलं तरी तेवढीच.

‘भाग’ आला भज् धातूवरून, अर्थ वाटणं. भाज्य, भाजक, विभक्त कुटुंब, वाट्याला आलेलं ते भाग्य, सगळी एकाच घरची माणसं. ‘भक्त’सुद्धा! जुन्या संस्कृत गणितात भक्त म्हणजे भागलेला. नर्सीच्या नामदेवांच्या मुलखात हे सांगताना जीभ जरा अडखळते, पण धातू तोच. आपल्याकडं शेतात मात्र भागापेक्षा ‘वाटा’ चालतो. रान बटईनं दिलं की पिकाचा वाटा ठरतो.

‘एवढ्या पगारात भागत नाही’ यातलं भागणं मला याच घरातलं वाटतं: वाटून सगळ्यांना पुरणं. ‘थकला-भागला’मधलं वेगळं. ते ‘भग्न’वरून, मोडून गेलेला या अर्थी. आठ अंकी संख्येला हातानं 12 ने भागून झाल्यावर पोरं भागतात, ती या दुसऱ्या अर्थानं.