अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स एकदाही डोप टेस्टमध्ये सापडली नाही म्हणतात, मग तिची ऑलिम्पिक मेडल्स का काढून घेतली? कोचनं फसवलं हे खरं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत, तिनं स्वतः कोर्टात कबूल केलं म्हणून. दुसऱ्याला जरा लांबण लावावी लागणार कारण त्यात माझापण एक महिना अडकलाय.

(आधीच सांगतो, मी बाई आहे पण कोल्हापूरची, आमच्याकडं पोरीपण 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात, गोंधळू नका.)

२३ सप्टेंबर २०००, शनिवार. सकाळची शाळा सुटलेली, दप्तर टाकून शेजारच्या काकूंकडं टीव्हीसमोर बसलो होतो. मी दहावीत, जिल्ह्याला १०० आणि २०० मीटर पळायचो, त्याच आठवड्यात मल्लेश्वरीनं वेटलिफ्टिंगमध्ये ब्राँझ आणलेलं त्यामुळं घराघरात ऑलिम्पिक चालू. सिडनीच्या १०० मीटर फायनलला ही मॅरियन १०.७५ ला आली आणि दुसरी ११.१२ ला. ०.३७ सेकंद म्हणजे ऐकायला काहीच वाटत नाही, पण ट्रॅकवर ते साडेतीन मीटर होतात, म्हणजे फिनिशच्या फोटोत दुसरी बाई जवळपास मावतच नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला तिचा फोटो कापून मी कंपासपेटीच्या झाकणाला आतनं चिकटवला.

आणि ती काय नुसती पळणारी नव्हती, कॉलेजात बास्केटबॉल खेळायची, १९९४ ला नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीकडनं नॅशनल चॅम्पियन, मग १९९७ ला अथेन्सला १०० मीटरची वर्ल्ड चॅम्पियन. सिडनीला पाच गोल्ड घेणार असं उघड बोलून गेलेली. आली तीन गोल्ड (१००, २०० आणि ४ बाय ४०० रिले) आणि दोन ब्राँझ घेऊन (लांब उडी आणि ४ बाय १००). एका बाईला एका ऑलिम्पिकमध्ये ॲथलेटिक्सची पाच मेडल्स, हे आधी कुणाला जमलं नव्हतं.

ऑलिम्पिक चालू असतानाच तिच्या नवऱ्याची बातमी फुटली. सी. जे. हंटर, गोळाफेकीतला त्या वेळचा वर्ल्ड चॅम्पियन, चार टेस्टमध्ये नँड्रोलोन नावाचं स्टेरॉइड सापडलेलं. पत्रकारांसमोर रडला गडी, आणि शेजारी बसून कोण सांगत होतं की आयर्नच्या सप्लिमेंटमध्ये भेसळ असणार? व्हिक्टर कॉन्टी, कॅलिफोर्नियातल्या बाल्को या सप्लिमेंट कंपनीचा मालक. तेव्हा हे नाव कुणाच्या डोक्यातपण राहिलं नाही.

तीन वर्षांनी त्याच बाल्कोवर धाड पडली. त्यांच्याकडं 'द क्लिअर' म्हणून एक द्रव होता, जिभेखाली थेंब टाकायचे. आत होतं टीएचजी नावाचं स्टेरॉइड, मुद्दाम असं बनवलेलं की टेस्टला दिसू नये. लॅबला ज्याचं नाव-गाव माहीत नाही ते ती शोधणार कुठनं? २००३ ला कुणीतरी निनावी एक वापरलेली सिरिंज अमेरिकेच्या अँटी-डोपिंगवाल्यांकडं पाठवली, तिच्यात राहिलेल्या थेंबावरनं लॉस एंजेलिसच्या लॅबमध्ये डॉन कॅटलिन यांनी ते ओळखलं आणि त्याची टेस्ट बनवली. सिरिंज पाठवणारा निघाला ट्रेव्हर ग्रॅहम, म्हणजे मॅरियनचाच जुना कोच! घर फिरलं की घराचे वासे फिरतात ते असं.

त्यामुळं 'टेस्टमध्ये सापडली नाही' याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही. २००६ ला एकदा तिच्या ए सॅम्पलमध्ये ईपीओ (रक्तातल्या लाल पेशी वाढवणारं औषध) आलं होतं, पण त्याच नमुन्याचा दुसरा भाग, बी सॅम्पल, निगेटिव्ह आलं, सुटली. कॉन्टीनं तर २००४ मध्ये टीव्हीवर सांगितलं की हिला इंजेक्शन घेताना मी डोळ्यानं बघितलंय. तिनं त्याच्यावर अडीच कोटी डॉलरचा दावा ठोकला, आणि आमच्यासारखे तिचे फॅन म्हणाले बघा, खोटी असती तर कोर्टात गेली असती का.

ऑक्टोबर २००७ ला कोर्टाबाहेर उभी राहून रडत तिनं कबुली दिली. सप्टेंबर २००० पासून जुलै २००१ पर्यंत द क्लिअर घेतलं, पण कोच म्हणायचा जवसाचं तेल आहे म्हणून.

जवस म्हणजे आमच्याकडं चटणीला. ते वाचलं आणि मला हसू आलं, मग लगेच पोटात गोळा आला.

कारण कॉलेजात असताना आमचं ट्रेनिंग घेणाऱ्या एकानं मला कागदाच्या पुडीत गोळ्या दिल्या होत्या, बारक्या, पिवळट. व्हिटॅमिन आहे, रात्री दुधाबरोबर घे, आणि बाकीच्या पोरींना दाखवू नको. मी महिनाभर घेतल्या. आधी २०० चे सहा रिपीट मारले की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरायला लागायची, ते बंदच झालं, सकाळी उठून परत रंकाळ्याला चक्कर मारायचो. लई भारी वाटायचं. मग पाळी चुकली. आईला आधी वेगळीच शंका, ती रात्र आमच्या घरात कशी गेली ते इथं लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंनी पुडी बघितली, वास घेतला, म्हणाल्या हे आजच्या आज बंद. त्या कसल्या होत्या ते आजपण ठाऊक नाही.

पण मला एक सांगा, व्हिटॅमिन लपवून कशाला खायचं असतं? हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडलेला आणि मी तो गिळला, गोळीसकट. मॅरियननं घरच्यांना लिहिलेलं एक पत्र पेपरात आलं होतं, त्यात तीपण हेच म्हणते, कुणाला सांगू नको असं कोच म्हणाला तेव्हाच मला खटकायला पाहिजे होतं. म्हणजे नाव माहीत नसेल, मान्य. पण ती २४ वर्षांची, जगातली सगळ्यात फास्ट बाई, अंगात काय फरक पडतोय हे तिला कळत नव्हतं? मला तालुक्या-जिल्ह्याला पळणारीला कळत होतं. कोचनं फसवलं असेल, पण ती फसायला तयार होती, मीपण होतो.

बरं, तुरुंगात ती डोपिंगसाठी गेलीच नाही. सरकारी तपासात खोटं बोलली, एकदा द क्लिअरबद्दल आणि एकदा चेकच्या घोटाळ्याबद्दल (त्यात टिम माँटगोमेरी, तिच्या पोराचा बाप आणि १०० मीटरचा रेकॉर्डवाला, त्याचा तो रेकॉर्डपण नंतर रद्द झाला). सहा महिने सजा, मार्च २००८ ला आत, घरी दोन बारकी पोरं. याचं मात्र मला वाईट वाटलं. सुटल्यावर २०१० ला बास्केटबॉलच्या डब्ल्यूएनबीए लीगमध्ये परत खेळली, तुलसाच्या टीमकडनं.

मेडल्सचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. रिलेतल्या बाकीच्या पोरींचीपण काढून घेतली होती, त्यातल्या सात जणी लढल्या आणि २०१० ला परत मिळवली, कारण एकीमुळं सगळ्या टीमचं काढायचं असा नियम त्या वेळी नव्हताच. १०० मीटरचं गोल्ड कुणालाच दिलं नाही, कारण दुसरी आलेली ग्रीसची थानू २००४ ला अथेन्समध्ये टेस्ट चुकवून बसलेली. २०० चं गोल्ड बहामाच्या पॉलिन डेव्हिस-थॉम्पसनला गेलं आणि श्रीलंकेची सुसंतिका जयसिंघे तिसरीची दुसरी झाली, २२.२८, गोल्डपासनं ०.०१ लांब. सिडनीत ती पोडियमवर ब्राँझ घालून उभी होती, सिल्व्हर कागदावर आलं नऊ वर्षांनी.

कंपासपेटी अजून आहे माळ्यावर. गेल्या दिवाळीला साफसफाईत उघडली, फोटो निम्मा झुरळानं खाल्लाय, पण १०.७५ तेवढं पेनानं लिहिलेलं दिसतंय.