गाडीचा हिशेब : जुनी प्लग-इन देताना

प्रश्न : ताई, आमच्याकडे २०२१ ची टोयोटा राव्हफोर प्राइम आहे, प्लग लावून चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही चालणारी (प्लग-इन हायब्रिड). ४८ हजार मैल झालेत, कर्ज फिटलंय. सासू-सासरे साताऱ्याहून सहा-सहा महिने राहायला येतात, म्हणून आता टोयोटाची मोठी व्हॅन, सिएना, घ्यायची आहे. डीलर म्हणतो, "टॅक्स क्रेडिट गेल्यापासून जुन्या प्लग-इनना कोणी विचारत नाही, शिवाय बॅटरी पाच वर्षांची झाली." ट्रेड-इनचे (नवी घेताना जुनी त्यालाच दिली तर तिचे) २६ हजार डॉलर देतोय. नवरा म्हणतो, देऊन टाकू, घासाघीस नको. काय करावं? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : इतक्यात देऊ नका. डीलरशिपच्या फायनान्स ऑफिसात मी बरीच वर्षं काढली आहेत. ही दोन्ही वाक्यं तिथे रोज बोलली जातात.

आधी क्रेडिटचं, म्हणजे इलेक्ट्रिक किंवा प्लग-इन गाडी घेतल्यावर मिळणाऱ्या टॅक्सच्या सवलतीचं बघू. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाडीला केंद्र सरकारचं क्रेडिट नाही, हे खरं. पण जुन्या गाडीवरचं चार हजारांपर्यंतचं क्रेडिट २५ हजार डॉलरपर्यंतच्या गाडीलाच मिळायचं. तो तुमची गाडी २६ ला घेणार म्हणजे विकणार त्याहून वरच. ती त्या क्रेडिटात कधी बसतच नव्हती, मग ते गेल्याने तिचा भाव का पडावा? हे त्याला शांतपणे विचारा आणि गप्प बसा.

आता बॅटरी. २०२० च्या मॉडेलपासून टोयोटाची हायब्रिड बॅटरीची वॉरंटी १० वर्षं किंवा दीड लाख मैल आहे, आणि मालक बदलला तरी ती गाडीबरोबर जाते. म्हणजे तुमची गाडी घेणाऱ्याला जवळजवळ निम्मी वॉरंटी शिल्लक मिळते. वॉरंटी पुस्तिकेतलं ते पान आणि सर्व्हिसच्या पावत्या एका फाइलमध्ये घालून न्या. "बॅटरी जुनी" हा शब्द निघाला की फाइल उघडायची.

तपासणीच्या आदल्या रात्री गाडी पूर्ण चार्ज करा. किंमत लावणारा माणूस आत बसतो, स्टार्टचं बटण दाबतो आणि फोनने डॅशबोर्डचा फोटो काढतो. त्यात मैल येतात, इशाऱ्याचे दिवे येतात आणि पुढे विजेवर किती मैल जाईल तो आकडाही येतो. हीटर चालू असेल तर हा आकडा डोळ्यांदेखत खाली येतो. या गाडीची सरकारी रेंज ४२ मैल. थंडीत हीटर लावून पोहोचलात तर स्क्रीनवर बराच कमी आकडा दिसतो आणि त्याला आयतं निमित्त मिळतं. तेव्हा उतरायच्या आधी हीटर बंद करा. गाडीबरोबर आलेली चार्जिंगची केबल गॅरेजमध्ये लटकत असेल तर डिकीत ठेवा, दुसरी किल्लीही शोधा. या दोन्ही गोष्टी नसल्या की पैसे कापतात, आणि त्या नव्या विकत घ्यायला जेवढे लागतील त्यापेक्षा जास्तच कापतात. गाडीला कधी मार लागला असेल तर मात्र लपवू नका, कारफॅक्सवर, म्हणजे गाडीच्या इतिहासाच्या अहवालात, तो बहुधा दिसतोच.

डीलरकडे परत जाण्याआधी कारमॅक्समध्ये (ही जुन्या गाड्या विकत घेणारी कंपनी) गाडी दाखवून लेखी भाव घ्या. तो सात दिवस टिकतो. कारव्हाना या तशाच ऑनलाइन कंपनीचा भाव घरबसल्या मिळतो.

मग सिएनाचा सौदा. इथे ताकास तूर लागू देऊ नका. जुनी गाडी विकायची की मुलाला द्यायची, ठरलेलं नाही म्हणा. सगळे टॅक्स, फिया धरून हातात पडेपर्यंतची किंमत ईमेलवर लिहून मागा. एमएसआरपीच्या (कंपनीने सुचवलेल्या किमतीच्या) वर "मार्केट ॲडजस्टमेंट" चिकटवलं असेल तर आधी ते काढायला लावा. सेल्समन चार चौकोनांचा कागद पुढे सरकवेल : नवी किंमत, जुनीचा भाव, डाउन पेमेंट, महिन्याचा हप्ता. एका चौकोनात दोन हजार वाढवून दुसऱ्यातून काढून घेण्यासाठीच तो कागद असतो. "महिन्याला किती जमेल?" याला उत्तर देऊ नका. नव्या गाडीचा आकडा लेखी आला की मगच राव्हफोरचा विषय काढायचा.

आणि कारमॅक्सने जास्त दिले म्हणून लगेच तिकडे धावू नका. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स ट्रेड-इन वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो. डीलरने २८ हजार दिले तर तुमचे १,८५५ डॉलर टॅक्सचे वाचतात, म्हणजे ते २९,८५५ झाले. कारमॅक्स २९ देत असेल तरी डीलरच परवडला. त्याला सांगा, "यांच्या जवळपास ये, आजच सही करते." अशा गिऱ्हाइकाला सहसा हाकलून देत नाहीत. नवरोबांना घासाघीस नको असेल तर त्यांना बाहेर कॉफी पीत बसू द्या. अस्वस्थ नवरा शेजारी असला की सेल्समन त्याच्याशीच बोलतो.

प्रश्न : माझी २०१८ ची प्रियस प्राइम आहे. डीलर म्हणतो, कारपूल लेनचे स्टिकर (गाडीत एकटं असलं तरी त्या लेनमधून जाऊ देणारे) संपले म्हणून भाव उतरला. न्यू जर्सीत ट्रेड-इनवर टॅक्स वाचतो असं ऐकलं, आमच्याकडेही वाचतो का? (सनीव्हेल, कॅलिफोर्निया)

उत्तर : नाही. कॅलिफोर्निया नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर टॅक्स घेतं, तेव्हा जो जास्त देईल त्याला द्या. स्टिकर ३० सप्टेंबर २०२५ ला सरसकट बाद झाले, एकट्या तुमच्या गाडीचे नाहीत. त्याच्या लॉटवर जुनी प्राइम उभी असेल तर तिच्या काचेवरचा भाव वाचा. तिथे ही घट दिसते का, तेच त्याला दाखवा. खरी अडचण वेगळी आहे : २०१८ च्या प्राइमला मागे दोनच सीट, पाचवी सीट २०२० पासून आली. मुलंबाळं असलेलं गिऱ्हाईक तिच्याकडे वळत नाही. एकट्याने ऑफिसला ये-जा करणारा कोणी ओळखीत असेल तर थेट त्यालाच विकून बघा, आणि विकलीत तर पाच दिवसांच्या आत डीएमव्हीला (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याला) गाडी हस्तांतरित झाल्याचं कळवा, नाहीतर घेणाऱ्याचे पार्किंगचे दंड तुमच्या दारी येतील.