आधी भाडेकरार, मग जहाज: हाँगकाँगच्या पाओ घराण्याबद्दल

शांघायहून हाँगकाँगला आलेल्या पैसेवाल्या चिनी घराण्यांनी जगभर जहाजं कशी फिरवली, केवळ गाठीशी पैसा होता म्हणून जमलं का, आणि पुढच्या पिढीने ते टिकवलं का, असं तुम्ही विचारलंय. चार्टरिंगमध्ये, म्हणजे जहाजं भाड्याने देण्या-घेण्यात, माझी उमर गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. उदाहरण वाय. के. पाओ यांचं घेतो.

पैसा होता, पण जहाजांच्या हिशेबात किरकोळ. पाओ मूळचे निंगबोचे, पेशाने बँकर. शांघायमधली बँकेतली मोठी जागा सोडून 1949 च्या सुमारास कुटुंबासकट हाँगकाँगला आले आणि आयात-निर्यात करू लागले. वडिलांचा कल जमीन-इमारतींकडे. मुलाचं म्हणणं, इमारत उचलून नेता येत नाही, जहाज नेता येतं. शांघाय मागे टाकून आलेल्या घरात हा मुद्दा फार पटवावा लागला नसणार! 1955 मध्ये पहिलं जहाज घेतलं, ‘गोल्डन अल्फा’. 27 वर्षं जुनं, कोळशावर चालणारं धूड.

खरी अक्कल इथून पुढे. 1956 मध्ये सुएझ बंद पडला, भाडी कडाडली. ओनासिससारखे ग्रीक मालक अशा वेळी स्पॉटवर, म्हणजे एकेका फेरीच्या भावाने, बक्कळ कमवायचे. पाओंनी कमी दर पत्करला, पण जपानी कंपन्यांशी लांब मुदतीचे करार केले. का? कारण जहाज बुडतं, जुनं होतं. त्याच्या तारणावर कर्ज द्यायला बँका कचरायच्या. पण नावाजलेली जपानी कंपनी दरमहा भाडं देणार आणि त्यामागे जपानी बँकेची हमी, असा कागद समोर ठेवला की बँकवाल्याचा चेहराच बदलतो. हाँगकाँग-शांघाय बँकेने त्याच जोरावर त्यांना पैसे दिले. मग साखळीच जुळली: जपानी गोदीत नवं जहाज, भाड्याने घेणारी जपानी कंपनी, कर्ज हाँगकाँगचं, नोंदणी आणि झेंडा लायबेरियाचा. भाड्यातून हप्ते फिटायचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 200 हून अधिक जहाजं झाली, सुमारे 2 कोटी टनांची. 1971 मध्ये तर पाओ त्याच बँकेच्या संचालक मंडळावर गेले. तिथले पहिले चिनी.

पण करार समोरच्या पार्टीइतकाच भक्कम असतो. जपानी कंपन्या डळमळू लागल्याचं ओळखून त्यांनी जहाजं विकायला काढली आणि 1980 मध्ये कौलून वार्फ ही हाँगकाँगमधली धक्के-गोदामं आणि मोक्याच्या जमिनींची कंपनी ताब्यात घेतली. म्हणजे वडिलांच्या जमिनीकडेच वळले म्हणा, पण ठरवून.

जहाजवाल्यांमधलं दुसरं, तुंग घराणंही शांघायमार्गेच आलेलं. त्यांना आकाराचा मोह. 5 लाख 64 हजार टनांचा ‘सीवाइज जायंट’ हा तेलवाहू टँकर त्यांचाच. नावं बदलत बदलत तो शेवटी आपल्या गुजरातमधल्या अलंगला भंगारात निघाला. कर्जं काढून जहाजं मागवत राहिले आणि 1985 च्या मंदीत अडीच अब्ज डॉलरच्या वर देणं अंगावर आलं. धनकोंनी मुदत दिली, बाहेरून पैसा आला, म्हणून तगले. 2018 मध्ये त्यांची कंटेनर कंपनी चीनच्या सरकारी कॉस्कोकडे गेली.

पाओंना चार मुली. जहाजं एका जावयाकडे गेली, हेल्मुट झोमेन या ऑस्ट्रियन वकिलाकडे. वार्फ दुसऱ्या जावयाकडे, पीटर वू यांच्याकडे. झोमेननी 2003 मध्ये नॉर्वेची बर्गेसन ही जहाज कंपनी विकत घेतली, त्यातून आजचा बीडब्ल्यू समूह झाला. तो आता पाओंचा नातू सांभाळतो.