तीन मॉनिटर की एकच मोठा पडदा? फ्लाइट सिम्युलेशन : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांत पडद्याचा आकार इंचांत दिला आहे, पण डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर एकाच वाचकाने कळवले आहे. खरे तर निम्मे उत्तर त्या अंतरात असते. पडदा तुमच्या नजरेचे किती अंश व्यापतो ते आधी बघायचे, इंच त्यानंतर. म्हणून जिथे अंतर दिलेले नाही तिथे मी टेबलावरचे नेहमीचे ७०-८० सेंटिमीटर धरले आहे.

प्रश्न : जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले. तेच उड्डाण मी एक्स-प्लेन १२ या सिम्युलेटरवर सेस्ना १७२ हे छोटे विमान घेऊन करतो आणि शेवटी जुहूला सर्किट मारून, म्हणजे धावपट्टीभोवती चौकोनी फेरी घेऊन, उतरतो. २७ इंची तीन फुल एचडी मॉनिटर घेऊ की ४३ इंची एक फोर-के? (नाशिक)

सुंदर मार्ग निवडला आहे, आणि नेमक्या अशाच उड्डाणात पडद्याचा कस लागतो. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. ७० सेंटिमीटरवरून तो सुमारे ४६ अंश व्यापतो. तीन नीट वळवून लावले तर १३८ अंश होतात. ४३ इंची पडदा ८० सेंटिमीटरवरून जेमतेम ६२ अंश देतो, पण उंचीत तो पुढे आहे : ३७ अंश, तर २७ इंचीचे २७. म्हणजे खिडकी आणि पॅनेल दोन्ही एका नजरेत हवे असतील तर ४३ इंची सोयीचा.

आता सर्किट. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने जाताना, धावपट्टी तुमच्या डाव्या हाताला असते. तिचा उंबरठा (जिथे उतरायचे ते टोक) पंखाच्या मागे ४५ अंशांवर गेला की बेसला, म्हणजे धावपट्टीच्या काटकोनातल्या टप्प्याला, वळायचे, म्हणजे नाकापासून १३५ अंशांवर बघायचे. तीन मॉनिटरही एका बाजूला ६९ अंशांपर्यंतच पोचतात. धावपट्टी अगदी बरोबरीला, ९० अंशांवर असतानाही ती पडद्याबाहेरच. त्यामुळे काहीही घेतलेत तरी हॅट स्विच (जॉयस्टिकवरचे नजर फिरवण्याचे बटण) किंवा हेड ट्रॅकिंग (डोके वळवले की दृश्य वळते ती सोय) लागणारच. साधा वेबकॅम आणि ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन सुरुवात करता येते. मान २० अंश वळवली की कॉकपिटातली नजर १२० अंश वळेल असे त्यात बसवतात, म्हणजे डोळे पडद्यावरून हटत नाहीत.

मग तीन मॉनिटरचा उपयोग काय? डोळ्याच्या कोपऱ्यातून क्षितिज दिसते. फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला, वळताना किती झुकलो आहोत हे यंत्राकडे न बघता कळते, आणि गुजरातच्या किनाऱ्यावरून कमी उंचीवर उडताना वेगाची जाणीव बाजूच्या पडद्यांतूनच येते. हे एकदा अनुभवले की समोरचा एकच चौकोन फार कोंडलेला वाटतो.

ग्राफिक्स कार्डावरचा भार बघा. तीन फुल एचडी मिळून सुमारे ६२ लाख पिक्सेल, फोर-केचे ८३ लाख. इथे फोर-के जड. पण एक्स-प्लेन प्रत्येक मॉनिटरसाठी दृश्य स्वतंत्रपणे काढते, त्यामुळे तीन मॉनिटरचा ताण प्रोसेसरवर येतो. तुमचा प्रोसेसर जुना असेल तर आधी तो बदला.

माझे मत : तुमच्यासाठी तीन मॉनिटर. सेस्नाची गोल यंत्रे मोठी असतात, फुल एचडीवर वाचता येतात. फक्त टेबल पाच फुटांचे हवे, कारण बाजूचे वळवूनही मांडणी सुमारे १४३ सेंटिमीटर रुंद होते.

प्रश्न : मी शनिवार-रविवारी व्हॅटसिमवर (सिम्युलेटरवाल्यांचे ऑनलाइन जाळे, तिथे हवाई नियंत्रकही खरी माणसे असतात) ए३२० हे एअरबसचे प्रवासी विमान उडवतो. ३४ इंची अल्ट्रावाइड पुरेल, की ४९ इंची घेऊ? (ठाणे)

दोन्हींपैकी काहीच नको, असे मी म्हणेन. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची २७ इंची मॉनिटरएवढीच असते, आणि ४९ इंची म्हणजे मधली फट नसलेले दोन २७ इंची. दोन्ही आडवे वाढतात, उभे वाढत नाहीत. एअरबसच्या कॉकपिटात तुमचे काम उभे चालते : खाली एमसीडीयू (मार्ग भरायचा कीपॅड आणि पडदा), समोर पीएफडी आणि एनडी (उड्डाणाचा आणि नकाशाचा पडदा), त्यावर एफसीयू (ऑटोपायलटची बटणे), डोक्यावर ओव्हरहेड पॅनेल. बाजूच्या खिडकीतून बघण्याची वेळ क्वचित.

४० ते ४३ इंची फोर-के घ्या. ८० सेंटिमीटरवरून त्याचे अंशाला सुमारे ६२ पिक्सेल पडतात. चांगल्या नजरेला अंशाला ६० पर्यंत बारकावा दिसतो, त्यामुळे एमसीडीयूचे अक्षर झूम न करता वाचता येते. उरलेल्या पैशांत एक लहान दुसरा पडदा घ्या आणि चार्ट त्यावर ठेवा. एटीसीने (हवाई नियंत्रकाने) अप्रोच, म्हणजे उतरण्याचा मार्ग, बदलला की मुख्य पडद्यावर पीडीएफ शोधत बसण्याइतके त्रासदायक काही नाही.

ओएलईडी घेणार असाल तर जपून. तीन-तीन तास पॅनेल एकाच जागी स्थिर राहते, आणि त्याचा डाग पडद्यावर कायमचा उमटू शकतो.

प्रश्न : तीन मॉनिटर जोडून एकच मोठा डेस्कटॉप केला. बाजूच्या पडद्यांवर पंख आणि इमारती ताणल्यासारख्या दिसतात. कार्ड खराब आहे का? (पुणे)

कार्ड ठणठणीत आहे. संगणकाला वाटते आहे की तुमच्यासमोर एकच लांबलचक सपाट काच आहे. सपाट काचेवर दृश्य उतरवताना मध्यापासून जितके दूर जावे तितके ते ताणावे लागते : ४५ अंशांवर वस्तूची रुंदी मध्याच्या तुलनेत दुप्पट होते. तुम्ही बाजूचे मॉनिटर आत वळवलेत, पण चित्र सपाट काचेचेच राहिले.

उपाय असा की प्रत्येक मॉनिटरला स्वतःचे दृश्य द्यायचे. एक्स-प्लेनमध्ये डेस्कटॉप एकत्र जोडू नका. तीन मॉनिटर वेगवेगळे ठेवा, प्रत्येकाचा दृश्यकोन तुमच्या मोजमापाप्रमाणे भरा, आणि डाव्या-उजव्याला तेवढेच अंश बाजूला सरकवा. ४६ अंशांचे मॉनिटर असतील तर उणे ४६ आणि अधिक ४६. प्रत्यक्ष मॉनिटरही तेवढेच वळलेले हवेत. एक दोरी घ्या, खुर्चीत बसून डोळ्यांपासून तिन्ही पडद्यांच्या मध्यापर्यंत ताणा. तिन्ही ठिकाणी लांबी सारखी आली की मांडणी जमली. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्येही वेगळ्या मॉनिटरसाठी वेगळे दृश्य मांडण्याची सोय नंतर प्रायोगिक म्हणून आली आहे. ती वापरा, पण दर सेकंदाच्या फ्रेम कमी होतील हे धरून चाला.

प्रश्न : हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही आहे, सोफा दीड मीटरवर. वेगळा मॉनिटर कशाला? (न्यू जर्सी)

दीड मीटरवरून तो टीव्ही ४४ अंश व्यापतो, टेबलावरच्या २७ इंचीपेक्षाही थोडे कमी. खुर्ची मीटरभर अंतरावर आणा, म्हणजे सुमारे ६३ अंश मिळतील. आणि टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर जॉयस्टिक हलवल्यावर विमान उशिरा ऐकते आणि फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणे, हमखास चुकतो.

प्रश्न : मॉनिटरमधल्या काळ्या पट्ट्या डोळ्यांना खुपतात. (कोल्हापूर)

आठवडाभर उडवा. विमानालाही खिडक्यांमध्ये खांब असतात. पट्टी त्या खांबावर येईल अशी नजरेची जागा थोडी पुढे-मागे करा.

प्रश्न : लवकरच फ्लाइंग स्कूलला जाणार आहे. घरी २७ इंची एकच मॉनिटर आहे. लँडिंगचा सराव करून ठेवू का? (नागपूर)

लँडिंगचा नको. सिम्युलेटर सुरू केल्यावर बहुतेक जण जास्त दिसावे म्हणून दृश्य मागे ओढतात. समजा ४६ अंशांच्या पडद्यावर ८० अंशांचे दृश्य कोंबले, तर प्रत्येक वस्तू निम्म्या आकाराची होते. धावपट्टी आहे त्याच्या दुप्पट अंतरावर भासते. त्या चित्रावर डोळा घडला की खऱ्या विमानात फ्लेअरची उंची चुकते, आणि ती सवय मोडायला नवशिक्यापेक्षा जास्त तास लागतात. सरावच करायचा तर दृश्यकोन पडद्याच्या मोजमापाएवढा ठेवा. चित्र अरुंद दिसेल, पण खरे असेल.

दुसरा मॉनिटर आत्ता घेऊ नका. या एका पडद्यावर चेकलिस्ट, रेडिओवर बोलणे, सर्किटमधला क्रम आणि कोणत्या टप्प्याला कोणता वेग, हे तोंडपाठ करा. त्याचा पहिल्या दिवसापासून उपयोग होतो. आणि दर मिनिटाला यंत्रांवर कागद धरून फक्त क्षितिजावर विमान सरळ ठेवायची सवय लावा. घरी सिम्युलेटरवर शिकून आलेल्यांची नजर पॅनेलला चिकटलेली असते, ही प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार आहे.